वाइनने धुतलेला माणूस

मी आजवर मेलेल्या माणसांवर एकतीस निबंध लिहिले. त्यांतले एकोणतीस फक्त मीच वाचले असावेत. उरलेले दोन वाचले ते प्राध्यापिका बोयाजिएवांनी, तेही चुका काढायला. माझं नाव मेतोदी शार्लांजिएव, ही गोष्ट घडली तेव्हा वय सत्तावन्न, धंदा उत्खननाचा. सोफियाच्या संस्थेत माझ्या खोलीच्या दारावर पाटी होती, पण ती आधीच्या माणसाची. माझी यायची होती. अकरा वर्षं यायचीच होती.

माझा सिद्धान्त एका वाक्यात सांगता येतो. मी तो चारशे पानांत सांगितलाय. आमच्याकडे, बल्गेरियाच्या या नैऋत्य कोपऱ्यात, माणूस पुरल्यावर सात वर्षांनी घरचे त्याला पुन्हा वर काढतात, हाडं वाइनने धुतात, पांढऱ्या कापडात बांधतात आणि परत ठेवतात. आजही. माझं म्हणणं असं की ही रीत सातशे वर्षांपूर्वीही होती. बोयाजिएवाबाईंचं म्हणणं, असेलही, पण पुरावा कुठाय?

तर १९८६ साली मी पुरावा दिला. एका जुन्या कवटीवर लालसर डाग सापडला, प्रयोगशाळेने सांगितलं की वाइनच आहे, आणि आठवडाभर माझे पाय जमिनीला लागले नाहीत. मग प्रयोगशाळेचं दुसरं पत्र आलं. वाइन टिकावी म्हणून कारखान्यात जे रसायन घालतात ते त्या डागात निघालं होतं. कुणा मजुराची जेवणाची बाटली कवटीवर कलंडली होती. मजूर कोण, ते कृपा करून विचारू नका. त्या आठवड्यात माणसं कमी होती आणि मी स्वतःच खणत होतो.

बोयाजिएवाबाईंनी ही गोष्ट बारा वर्षं जिवापाड जपली. कुठल्याही परिषदेत मी पाण्याचा ग्लास उचलला की त्या म्हणायच्या, "मेतोदी, जरा जपून." लोक हसायचे. मीही हसायचो. दुसरं काय करणार?

म्हणून १९९८ च्या जूनमध्ये लेस्कोवित्साच्या टेकडीवर तो माणूस सापडला तेव्हा मी ठरवलं की या खेपेला शहाण्यासारखं वागायचं. आणि मी शहाण्यासारखं वागायचं ठरवलं की काय होतं, तेच आता सांगतो.

त्या टेकडीवर आम्ही तीन वर्षं खणत होतो. तेराव्या शतकातलं चर्च, पूर्वेला तीन गोलाकार भिंती, बाजूला छोटं प्रार्थनाघर, पलीकडे साधूंच्या खोल्यांची ओळ. भिंती कमरेएवढ्याच उरलेल्या. बाकीचे दगड गावकऱ्यांनी शेकडो वर्षं उचलून नेले आणि घरामागच्या खुराड्यांना लावले. लेस्कोवित्सातली डुकरं फार पवित्र दगडांत राहतात. गावातले पुरुष ग्रीसला मजुरीला गेलेले, त्यामुळे माझ्या हाताखाली सात बायका होत्या. सगळ्यांत धाकटी एकसष्ट वर्षांची. मुकादम फिदाना मावशी, वय चौऱ्याहत्तर, डोक्याला काळा रुमाल, उंची माझ्या खांद्याला लागेल इतकी. मातीचा रंग बदलला की तो माझ्याआधी तिला दिसायचा, आणि तो शोध मलाच लागलाय असं मला वाटेपर्यंत ती गप्प राहायची. तिच्या या सवयीवर माझी अर्धी कारकीर्द उभी होती.

शुक्रवारी दुपारी चर्चच्या दाराआतल्या पडवीत एक लादी निघाली. लादीखाली खड्डा, खड्ड्यात हाडं. पण झोपलेल्या माणसाची नाहीत. लांब हाडं नीट एकावर एक रचलेली, बरगड्या बाजूला, आणि सगळ्यांवर कवटी. असं कुणी मरत नाही. कुणीतरी त्याला एकदा पुरलं, मग वर काढलं आणि पुन्हा हाताने रचून ठेवलं. कवटीच्या कपाळावर अंगठ्याएवढा लालसर डाग होता.

नेहमीप्रमाणे मी तिथल्या तिथे नमुना घेतला असता तर ही गोष्टच घडली नसती. पण मला अक्कल सुचली. आपण नमुना घ्यायचाच नाही. मंगळवारी समिती पाहणीला येणार होती, अध्यक्षा बोयाजिएवाबाई. नमुना त्यांनीच, त्यांच्याच हाताने घ्यावा. मग बघू कुठली बाटली काढतात. संस्थेत त्या वर्षी माणसं कमी करायची होती आणि यादी याच समितीकडे होती. डाग वाइनचा निघाला तर उत्खनन चालू, मीही चालू. नाही तर टेकडीला कुंपण आणि मला घर.

"हा माणूस माझा आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "मंगळवारपर्यंत याला कुणी बोट लावायचं नाही. झाडायचं नाही, फुंकर घालायची नाही. बघायचं तेसुद्धा लांबून."

"नाव काय याचं?" फिदाना मावशीने विचारलं.

"नमुना क्रमांक एक."

"हे काय नाव झालं?"

"मावशी, सातशे वर्षं झाली त्याला जाऊन. नाव कुठून आणू?"

"गेला तेव्हा होतं ना नाव. तुला सापडत नाही तो तुझा आळस."

मी हाडांवर प्लास्टिक घातलं, कडेने दगड ठेवले, आणि रखवालदार स्तामेनला दोन दिवस हलायचं नाही म्हणून बजावलं. स्तामेनची बायको वेलिका माझ्याच सात जणींतली. तिच्या जिभेला हाड नाही.

"मास्तर सोफियाला चालले," ती म्हणाली. "केस कापायला. मंगळवारी फोटो निघणार ना."

"मी कागदपत्रं आणायला चाललोय," मी म्हणालो.

मी केस कापायलाच गेलो. शनिवारी सकाळी न्हाव्याकडे, मग घरी येऊन आरशासमोर. बोयाजिएवाबाई डाग पाहतील तेव्हा माझा चेहरा कसा असावा, याची मी तालीम केली. तीन चेहरे जमवले आणि त्यांतला नम्र वाटणारा निवडला. दुपारी बाजारात गेलो तर बायका चेरींच्या पिशव्या आणि फुलं घेऊन गर्दीने ट्रामकडे चाललेल्या. चेरी अचानक इतक्या महाग का झाल्या, एवढाच प्रश्न मला पडला. तो चेरींचा शनिवार होता, पितरांचा, आपल्या माणसांच्या कबरींवर चेरी न्यायचा. त्या शनिवारवर माझा चाळीस पानी निबंध आहे. सव्विसावा.

सोमवारी सकाळी सात वाजता टेकडी चढताना अर्ध्या वाटेवर वास आला. वाइनचा. मला वाटलं, माझ्याच डोक्यात बसलाय.

पडवीत पोचलो तर प्लास्टिकची नीट घडी घालून बाजूला ठेवलेली. खड्डा झाडून लख्ख. तळाशी पांढऱ्या कापडाचं गाठोडं, लाल दोऱ्याने बांधलेलं, वर रानतुळशीची काडी. भोवती मेणबत्त्यांची थोटकं, अक्रोडाची पानं, कागदी पेल्यात साखर घातलेला उकडलेला गहू. आणि स्तामेन भिंतीवर बसून चेरी खात होता.

"स्तामेन, हे काय आहे?"

"चेरी," तो म्हणाला. "घ्या. आंबट नाहीत."

"खड्ड्यात काय आहे?"

"तुमचा माणूस. शनिवारी बायकांनी धुतला. आधी पाण्याने, मग वाइनने. पाच लिटर गेली. मी म्हणालो एवढी कशाला, तर माझ्याच अंगावर आल्या."

"तुला राखण करायला ठेवलं होतं."

"केली की. दोन दिवस हललो नाही. बाहेरचं कुणी फिरकलं नाही बघा."

मी खाली बसलो. जगातल्या कुठल्याही गोष्टीने ती हाडं धुतली असती तरी मी सावरलो असतो. राकियाच्या दारूने, साबणाने, डिझेलने. एकच गोष्ट लागायला नको होती, आणि ती त्यांनी पाच लिटर ओतली होती.

साडेसातला बायका फावडी घेऊन वर आल्या. मला बघून त्यांचे चेहरे उजळले.

"कुणी केलं हे?"

"आम्ही," फिदाना मावशी म्हणाली. "आभार मानायची गरज नाही."

"आभार? बोट लावू नका म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं होतंस. मग शनिवार आला."

"मग?"

सातही जणी माझ्याकडे बघत राहिल्या. वर्गात सगळ्यांना येणारं उत्तर एकट्यालाच येत नसलं की बाई बघतात, तशा.

"पितरांचा शनिवार," मावशी म्हणाली. "सगळं गाव आपापल्या माणसांकडे गेलं आणि तू याला उघडा टाकून गेलास. हाडं वर काढली की धुवायची, एवढंही कळत नाही तर शिकलास काय इतकी वर्षं?"

"हेच शिकलो, मावशी," मी म्हणालो. आवाज रडका निघाला.

"केस मात्र छान कापलेत," वेलिका म्हणाली.

मी फार बोललो मग. आधी मनात, नंतर मोठ्याने. अडाणीपणा, विज्ञान, राष्ट्रीय ठेवा, असले शब्द वापरले. फिदाना मावशीने सगळं ऐकून घेतलं, फावडं उचललं आणि साधूंच्या खोल्यांकडे कामाला निघून गेली. बाकीच्या तिच्यामागे. मी गाठोड्याजवळ एकटाच राहिलो आणि भूक लागली म्हणून त्याच्या वाट्याचा गहू खाल्ला. चांगला झाला होता.

गहू खाता खाता मला दुसरी अक्कल सुचली.

समितीला काय हवं? हाडांवर वाइन. हाडांवर काय आहे? वाइन. मी धावत खोल्यांकडे गेलो.

"मावशी, वाइन कुठली होती?"

"घरची. मेलेल्या माणसाला काय दुकानातली घालू?"

घरची. म्हणजे कारखान्याचं रसायन नाही. ही वाइन परवाची की सातशे वर्षांपूर्वीची, ते सांगणारं यंत्र आमच्या प्रयोगशाळेत नव्हतं, आणि ते येण्याआधी मी निवृत्त झालो असतो. शिवाय खोटं तरी कुठे होतं? याला सातशे वर्षांपूर्वी वाइनने धुतलं होतं, हे मला माहीत होतं. मग पुन्हा धुतल्याने काय बिघडलं? अशा रीतीने मी स्वतःशी वाद घातला आणि आयुष्यात पहिल्यांदा वाद जिंकलो.

शुक्रवारचे फोटो माझ्याकडे होते. मी गाठोडं सोडलं. फोटो बघून एकेक हाड होतं तसं रचलं, वर कवटी. कपाळावरचा डाग धुऊन गेला होता, पण त्याऐवजी सगळी हाडं फिकट गुलाबी झाली होती, ते जास्तच बरं. फक्त फार स्वच्छ दिसत होती. म्हणून ओल्या मातीत बोटं बुडवून मी ती चोळली. सगळा जन्म हाडांवरची माती काढण्यात गेला. त्या दिवशी लावत बसलो.

मान वर केली तर फिदाना मावशी भिंतीशी उभी. कधीची, कोण जाणे. कापडाची घडी घालून ती तिने छातीशी धरली होती.

"मावशी, उद्या बाई विचारतील," मी म्हणालो. "शुक्रवारनंतर हाडांना कुणाचा हात लागला का म्हणून. मुकादमाला विचारायचा नियम आहे. तू नाही म्हण."

"खोटं बोलू?"

"एकच शब्द आहे."

"त्याच्या पुढ्यात?"

"मावशी, तो मेलाय."

"ते मला दिसतंय. म्हणून तर विचारलं."

मी तिला समितीचं सांगितलं, यादीचं सांगितलं. बारा वर्षांपूर्वीच्या बाटलीचंही सांगितलं, जे मी कुणाला आपणहून सांगत नाही. ती हसली नाही.

"आणि नाही जमलं तर तुला काय करतील?"

"घरी बसवतील."

"घरी कोण आहे?"

"कुणी नाही. मांजर होतं, तेही शेजाऱ्यांकडे गेलं."

तिने कापडाची घडी पुन्हा नीट केली. मग बरं म्हणाली आणि कापड घेऊन गेली. मला काय हायसं वाटलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईकडून खोटं वदवून घेतलं आणि मी शीळ घालत टेकडी उतरलो. हे लिहून ठेवतोय, कारण माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज नको.

मंगळवारी दहा वाजता गाडी आली. बोयाजिएवाबाई, बरोबर दोन सभासद, त्यांतल्या एकाने उतरताच जेवण कधी आहे ते विचारलं. बाई सासष्ट वर्षांच्या, गुडघे दुखरे, तरी पडवीत सरळ मातीत बसल्या आणि भिंग काढलं. मी नम्र चेहरा करून उभा राहिलो. त्यांनी दहा मिनिटं बघितलं. भिंग मांडीच्या हाडावरून कवटीवर गेलं, परत आलं.

"मेतोदी," त्या म्हणाल्या, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा त्या नावात थट्टा नव्हती. "सुंदर आहे हे. तू बरोबर होतास की काय रे?"

आता खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. आरशासमोर तीन चेहऱ्यांची तालीम केली होती, त्यांतला एकही तो नव्हता. या एका वाक्यासाठी मी एकतीस निबंध लिहिले होते.

बाईंनी नोंदीचा फॉर्म काढला, पेन काढलं. "मुकादम कोण?"

फिदाना मावशी पुढे आली. आज रुमाल धुतलेला होता.

"शुक्रवारनंतर या हाडांना कुणाचा हात लागला?"

"नाही, बाई."

"धुणं, पुसणं, काही?"

"कुणी धुतलं नाही." एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती, पण ती थांबली नाही. "शनिवारी सगळं गाव आपल्या माणसांकडे गेलं होतं. याच्याकडे कुणी आलं नाही. असाच पडून होता."

बाईंनी लिहून घेतलं आणि कागद पुढे केला. मावशीने एकेक अक्षर काढत सही केली. मग बादली उचलायला वाकली तशी वाकली, पण बादली उचलली नाही. मी तिच्या शेजारीच होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"रागवू नको, बाळा," ती खड्ड्यात बघून हळू म्हणाली. "तुला आम्ही सात जणी तरी होतो. याला कुणी नाही."

अशा वेळी लोक काहीतरी लक्षात राहील असं बोलतात, असं वाचलंय. मी जे बोललो ते असं:

"वाइन परवाची आहे."

"काय?" बाई म्हणाल्या.

"परवाची. म्हणजे शनिवारची. या बायकांनी धुतलंय त्याला. मी गाठोडं सोडून परत रचलं आणि वर माती फासली. मावशीला खोटं बोलायला मी सांगितलं. तिची सही खोडा."

जेवणाची चौकशी करणारे सभासद खोकले. बोयाजिएवाबाईंनी भिंग पुसलं, डबीत ठेवलं, डबी बंद केली. आता त्या हसतील आणि ही दुसरी गोष्ट त्यांना निवृत्तीपर्यंत पुरेल, असं मला वाटलं. त्या हसल्या नाहीत. फॉर्मवर आडवी रेघ मारून त्यांनी नमुना बाद असं लिहिलं. मग कोरी वही काढली आणि मावशीकडे वळल्या.

"कसं धुतलंत? पहिल्यापासून सांगा."

दोन तास मावशी सांगत होती आणि बाई लिहीत होत्या. पाणी कुठलं, वाइन किती, कापड कुणाच्या हातचं, कोण कुठे बसलं, काय म्हटलं. अकरा पानं झाली. वीस वर्षं मी ज्याचा माग काढत दगड उलटत होतो ते त्यांनी समोरच्या माणसाला विचारून घेतलं. मध्येच माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "मेतोदी, तुझ्या पाहण्यात काय आहे? आधी कवटी की आधी पाय?"

"प्रदेशानुसार फरक आढळतो," मी म्हणालो. निबंधांतही मी हेच वाक्य वापरतो.

जेवण झाल्यावर गाडीत बसताना बाई म्हणाल्या, "पुढच्या हंगामाचं कळवू." आमच्या खात्यात या वाक्याचा अर्थ एकच होतो. त्यांनी काच खाली केली. "तू बोलला नसतास ना, तर मी विश्वास ठेवला असता." हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की वाईट, ते मला अजून कळलेलं नाही.

गाडी गेल्यावर मी वर आलो तेव्हा सात जणी खड्ड्याभोवती उभ्या होत्या. बादली भरलेली, पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन आणलेला, कापड तयार.

"उतर," फिदाना मावशी म्हणाली. "तू सोडलंस त्याला, तू माती फासलीस. आता तूच धू."

मी बाह्या सरसावून खड्ड्यात उतरलो. वेलिकाने वाइनचा कॅन हातात दिला. मी हाडांसमोर उकिडवा बसलो आणि बसूनच राहिलो.

"काय झालं?"

"कुठून सुरुवात करायची?"

"पुस्तक लिहिलंयस ना यावर?"

"हो."

"मग?"

"मी कधी पाहिलं नाही, मावशी. लोकांनी सांगितलं ते लिहिलं."

वेलिकाने कॅन माझ्या हातून काढून बाजूला ठेवला.

"आईला कुणी धुतलं तुझ्या?" मावशीने विचारलं.

"बहिणीने. अठ्ठ्याऐंशी साली. मी तेव्हा व्हिएन्नात होतो."

"कामाला?"

"निबंध वाचायला." कशावर, ते तिने विचारलं नाही. पण आता एवढं सांगितल्यावर ते तरी कशाला ठेवायचं? "यावरच."

मला लाज वाटली, आणि ती समितीसमोर वाटली होती तसली नव्हती. ती खात्याच्या कुठल्या फॉर्मात बसत नव्हती.

फिदाना मावशी भिंतीला धरून खड्ड्यात उतरली, माझ्या बाजूला बसली, आणि दोन्ही हातांनी कवटी उचलून माझ्या ओंजळीत ठेवली. मी अशा शेकडो हाताळल्या आहेत. ही हलकी होती आणि ओली होती.

"कपाळापासून," ती म्हणाली. तिने कॅन घेतला आणि माझ्या हातांवर ओतू लागली. "अंगठ्याने. हळू. मोटार धुवायची नाहीये."

माती सुटत गेली. वाइन मनगटांवरून कोपरापर्यंत आली.

"आईचं नाव काय?"

"नेवेना."

"मग घे ना. धुताना आपल्या सगळ्यांची नावं घ्यायची असतात. हे लिहिलं होतंस का कुठे?"

"नाही."

"घे मग."

"नेवेना," मी म्हणालो.

"मोठ्याने," फिदाना मावशी म्हणाली. "इथून तिच्यापर्यंत जायचंय."